शंका : निरंक

निकालपत्रक आखायचं काम मला मनापासून आवडे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच भली समजणार नाही. मोठा जाड कागद, लाकडी रूळ, टाक आणि दोन दौती, एक काळी नि एक तांबडी. आधी शिसपेन्सिलीने फिकट रेघा, मग त्यांवर शाई. डावीकडे नंबर, मग मुलीचं नाव, वडिलांचं नाव, जात, मग एकेक विषयाचा रकाना, बेरीज, शेकडा किती ते, आणि शेवटी शेरा. उभी बेरीज आणि आडवी बेरीज उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात एकच आकडा दाखवू लागली की माझा दिवस चांगला जाई. माझे वडील म्हणत, हिला गणित येतं असं नाही, हिला पसारा सहन होत नाही.

तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, आजी, तुमच्या वेळी अशा परीक्षा होत्या का, की हजारो मुलांना एकच प्रश्न आणि तपासणाऱ्याला एकही मूल ठाऊक नाही. होत्या. आमच्याकडे त्या नव्या आल्या तेव्हा मी तिथेच होते. फोनवर सांगायला जमलं नाही, म्हणून लिहिते आहे. नावं कोणाचीच लिहिणार नाही.

मी तेव्हा पंचविशीची होते. नागपूरला मिशनच्या शाळेत आणि पुढे कॉलेजात इंग्रजीतून शिकलेली. तुमचे आजोबा देवळीच्या सरकारी दवाखान्यात होते, म्हणून लग्नानंतर मी देवळीला आले. तिथल्या मुलींच्या प्राथमिक शाळेतल्या एक बाई बाळंतपणाला गेल्या, त्या पुढे रुजू झाल्याच नाहीत, आणि त्यांच्या जागी मला बोलावणं आलं. मला चौथीचा वर्ग दिला. बी.ए. झालेली बाई चौथीच्या पोरींना शुद्धलेखन घालते, याचं गावात थोडं हसू होई. मला मात्र सकाळी नेसून बाहेर पडायला एक जागा मिळाली होती आणि मी खुशीत होते.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्याआधी चौथीची परीक्षा म्हणजे डिप्टी साहेब. शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला सगळे तसंच म्हणत. साहेब यायचे त्या दिवशी अंगण सारवलं जाई, मुली तेल लावून वेण्या घालून येत, आणि साहेब खुर्चीवर बसून एकेकीला उभी करत. वाच. पाढा म्हण. एक तोंडी हिशेब. झालं. पास की नापास ते तिथेच. नव्या परीक्षेच्या आदल्याच वर्षी मी ही जुनी परीक्षा एकदा पाहिली होती. पाटलांच्या नातीला साहेबांनी विचारलं, आंबा कोणत्या ऋतूत येतो. तिच्या मागे उभ्या असलेल्या, गावाबाहेरच्या वस्तीतल्या मुलीला विचारलं, दोन कुडव (पायलीहून मोठं माप) धान्यातून अमुक गेलं तर शिल्लक किती पायल्या, आणि ती बोटं मोजत होती तेवढ्यात पुढचीला बोलावलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी चहा घेतला होता पाटलांकडे, इतकंच.

म्हणून नवी परीक्षा येणार हे कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. प्रश्नपत्रिका छापील. लाखेने मोहोर केलेल्या पाकिटातून येणार. साऱ्या जिल्ह्यांत एकाच दिवशी, एकाच वेळी फुटणार. उत्तराच्या वह्यांवर नाव नाही, फक्त नंबर. वह्या तपासायला दुसऱ्या जिल्ह्यात जाणार, आणि तपासणारांना नमुन्याची उत्तरं दिलेली असणार, म्हणजे कोणाच्या मर्जीवर काही राहणार नाही. मी हे शाळेत सगळ्यांना समजावून सांगत फिरले. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मूळच्या नाचणगावच्या. लहानपणीच विधवा झालेल्या, मग शिकलेल्या, आणि कशालाही न भुलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही तर अशा सांगून राह्यल्या बाई, जशी काही परीक्षा तुमच्या माहेरून आली."

माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिचा परीक्षेचा नंबर सतरा. इथे तिला सतरा नंबरच म्हणते. सावळी, शांत, पण प्रश्न फार विचारी. प्रश्न विचारण्याआधी ती उभी राही आणि परकराच्या नेफ्याला हात लावी, तो सुटलाय की काय अशी. तिचे वडील पुलगावच्या गिरणीत कामाला होते. तिथेच राहत आणि आठवड्यातून एकदा सायकलने घरी येत. आई इथेच, कापसाच्या दिवसांत वेचायला, एरवी निंदायला जाई. घरात सायकल होती, वावर नव्हतं, म्हणजे शेत नव्हतं.

त्यांच्या साऱ्या वस्तीने बौद्ध दीक्षा घेतली होती. शाळेच्या दाखलखारिजात, म्हणजे मुलींच्या नोंदवहीत, वडिलांनी जातीच्या रकान्यात जुनं खोडायला लावून 'बौद्ध' असं लिहवून घेतलं होतं. खोडाखोड मला आवडत नसे, पण ती मीच केली होती, पट्टी लावून, एका रेघेत. त्यामुळे एक अडचण झाली. पुढच्या शिक्षणाची जी सवलत जुन्या जातीवर मिळत असे, तिच्यासाठी अर्ज केला तर ऑफिसातून तोंडी उत्तर आलं की बौद्धांबद्दल आमच्याकडे अजून आदेश नाही, जुनी जात लिहा, लगेच मंजूर करतो.

वडील हे ऐकून घ्यायला शाळेत आले होते. दाराच्या आत यायला सांगितलं तरी उंबऱ्याशीच उभे राहिले.

"सोडलं ते सोडलं, बाई," ते म्हणाले. "पोरगी मार्कावर जाईन."

मार्कावर जायची एक वाट खरोखरच होती. नव्या परीक्षेतून तालुक्यातल्या दोन मुलींना वर्ध्याला पाचवीपासून शिकायला मिळणार होतं, राहण्याजेवण्यासकट. अट एवढीच की प्रत्येक विषयात शंभरातले साठ पाहिजेत. गावातली मुलींची शाळा चौथीला संपे. पुढची शाळा मुलांची, तिथे तेव्हा दोनच मुली जात आणि दोघींच्या घरचा गडी त्यांना पोचवायला जाई. सतरा नंबरला वर्ध्याखेरीज पुढे शाळा नव्हती.

"तुमच्या नव्या परीक्षेत सारं लिवण्यावरच हाय ना?" वडिलांनी विचारलं.

"हो. पेपर दुसऱ्या जिल्ह्यात तपासतात. त्यांना नुसता नंबर दिसतो."

"नाव नाई दिसत?"

"नाही."

"जात?"

"ती तर नाहीच."

त्यांनी पायात वहाणा सरकवल्या. मग म्हणाले, "मंग बरं हाय."

चैत्र संपता संपता परीक्षा झाली. ऊन व्हायच्या आत आटपावं म्हणून सकाळी सातला पेपर. आमच्याच शाळेत केंद्र, आसपासच्या खेड्यांतल्या मुलीही आलेल्या, सगळ्या मिळून चाळीसेक. आमच्या वर्गाच्या खोलीत पर्यवेक्षक मी. आदल्या दिवशी मी सूचनांचा छापील कागद तीन वेळा वाचला होता. त्यात एक कलम शंकांचं होतं. विद्यार्थ्याने प्रश्नाबद्दल शंका विचारल्यास उत्तर देऊ नये. शंका जशीच्या तशी शंकापत्रकात लिहावी, वेळ घालावी, आणि पत्रक त्याच दिवशी वर पाठवावं. कोणी काही विचारलं नाही तर 'निरंक' लिहावं. निरंक म्हणजे शून्य, काही नाही. सरकारी कागदावर रिकामी जागा सोडायची नसते, म्हणून हा शब्द.

पहिल्या दिवशी गणित झालं. दुसऱ्या दिवशी मराठी. मी पाकीट फोडलं, पत्रिका वाटल्या आणि एक स्वतः वाचली. शुद्धलेखन, व्याकरण, कवितेचा अर्थ, आणि शेवटी निबंध, वीस गुणांचा. पुढीलपैकी नव्हे, एकच विषय. 'माझी बंडी.'

सोपा आहे, असं मला वाटलं. इतकंच मनात आलं. खेड्यातल्या मुलींचा विचार करून काढलाय, म्हणजे पेपर काढणारा माणूस समजूतदार दिसतो.

तुम्हाला सांगायला हवं. आमच्या वऱ्हाड-नागपूरकडे बंडी म्हणजे बैलगाडी. कापूस बंडीत भरतात, लग्नाचं वऱ्हाड बंडीतून जातं, बंडीचं चाक, बंडीचं जू. अंगात घालायच्या बिनबाह्यांच्या कपड्यालाही कुठे कुठे बंडी म्हणतात, हे मला ऐकून ठाऊक होतं, पण आमच्या नागपूरच्या घरी त्याला जाकीट म्हणत. दिवसातून वीसदा जो शब्द कानावर पडतो त्याचाच अर्थ डोळ्यांना दिसतो.

तासभर झाला असेल. सतरा नंबर उभी राहिली. हात नेफ्याला.

"बाई, बंडी कोणती?"

"कोणती म्हणजे?"

"माझी बंडी म्हणते ना. कोणती बंडी? अंगातली का बैलाची?"

दोन-तीन मुली हसल्या. एक, तिच्या पुढच्याच बाकावरची, मान न वळवता म्हणाली, "हिच्या घरी कुठं हाय बंडी, बाई. ते कायची लिहीन?"

मला त्या हसणारीचा राग आला. वर्ग गप्प करायचा होता. आणि मुलीला बसवायचं होतं, तिचा वेळ जात होता. मी म्हटलं, "बैलाची. दुसरी कोणती? बस आणि लिही. स्वतःची नसली तरी चालतं."

ती बसली. लिहू लागली.

पेपर संपला. वह्या मोजल्या, नंबरवारीने लावल्या, सुतळीने बांधल्या. मग शंकापत्रक काढलं. तिने विचारलं ते मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण ती शंका आहे असं मला वाटलंच नाही. एका मुलीने एक वेडगळ प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, मिटलं. तेवढ्यासाठी पत्रकात ओळी भरायच्या, वेळ घालायची, आणि उत्तर देऊ नये असं लिहिलेलं असताना दिलं, हेही लिहायचं? मी सुंदर अक्षरात लिहिलं, शंका : निरंक. खाली सही केली.

वह्या तपासून आल्या त्या वैशाखात. निकालपत्रक तयार करायचं काम अर्थात माझ्याकडे. दुपारी शाळेत कोणी नसे. दारंखिडक्या लावून, खाली पाणी शिंपडून मी आणि मोठ्या बाई बसायचो. त्या एकेका वहीवरचे गुण वाचत, मी रकान्यात भरी. गणित झालं. सतरा नंबर, एक्याण्णव. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं, त्या म्हणाल्या, "लिहा, लिहा. पाहता काय."

मराठीच्या वह्या घेतल्या. पहिल्या वहीत निबंधाला शून्य. दुसऱ्या वहीत शून्य. तिसऱ्या, चौथ्या. मला वाटलं, तपासायचंच राहून गेलं. मग वही उघडली. निबंधाखाली तांबड्या शाईत एकच शब्द, विषयांतर. प्रत्येक वहीत तोच शब्द, त्याच वळणाचा. लिहिणाऱ्याला शेवटी कंटाळा आला होता, कारण तिसाव्या वहीनंतर नुसतं 'वि.' होतं.

वह्यांबरोबर नमुन्याच्या उत्तरांचा कागद आला होता. मोठ्या बाईंनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचला. कापड कोणतं, दोन गुण. रंग, दोन. खिसे व गुंड्या किती, चार. कोणी शिवली, कोठून आणली, चार. केव्हा घालता, चार. वाक्यरचना, चार.

त्या हसू लागल्या. खूप हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "गुंड्या मोजायच्या होत्या बाई. आपल्या पोरींनी बैलांचे शिंगं मोजले."

मी सतरा नंबरची वही शोधून काढली. तिचा निबंध आठ ओळींचा होता. मला तो आजही पाठ आहे, पाठ करायचा म्हणून नाही, नंतर मी तो इतक्यांदा वाचला. "आमच्या घरी बंडी नाही. मालकाची बंडी आहे. तिला दोन चाके आहेत. आई व मी कापूस वेचायला जातो तेव्हा बंडी पुढे जाते व आम्ही मागून चालतो. येताना बंडी कापसाने भरते. मग तिच्यात कोणाला बसता येत नाही. बैलांना घुंगरू आहेत. ती लांबून ऐकू येते." खाली, विषयांतर. शून्य.

बाकीच्या ऐंशी गुणांपैकी तिला चोपन्न होते.

आणि मला त्या क्षणी तिची बंडी दिसली. सगळा हिवाळा ती घालून येत होती, गिरणीतल्या तुकड्याची, निळ्या रेघांची, पोलक्यावर. वडिलांनी पुलगावहून शिवून आणलेली. दोन खिसे होते, एकात पाटीची पेन्सिल असे. गुंड्या तीन आणि चौथीच्या जागी टाचणी. या मुलीला कापड, रंग, खिसे, गुंड्या, कोणी शिवली, केव्हा घालते, सारं लिहिता आलं असतं. सगळ्या खोलीत कदाचित तिला एकटीलाच. म्हणूनच तिने विचारलं होतं.

मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, तिने विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर. त्यांचं हसणं थांबलं.

"पत्रकात काय लिहिलं तुम्ही?"

"निरंक."

त्यांनी नमुन्याच्या उत्तरांच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "साऱ्यांनाच शून्य हाय. साऱ्यांनाच शून्य असलं तर अन्याय कोणावर झाला म्हणाचा? पास तर बहुतेक होऊन राह्यल्या."

"तिच्यावर झाला."

"कागदावर दाखवा मले, कुठं झाला ते."

मी पत्रकाकडे पाहिलं. चोपन्न होतं. बेरीज बरोबर होती. कुठेही काही चुकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने मी वर्ध्याला गेले, डिप्टी साहेबांच्या ऑफिसात. हे साहेब नवे, पुण्याकडचे, राज्य बदलल्यावर बदलून आलेले. वयस्क, सज्जन माणूस. मी इंग्रजीत बोलले तर ऐकतील असं वाटून इंग्रजीत सुरुवात केली, त्यांनी मराठीत उत्तर दिलं, मग मीही मराठीत आले. मी वही बरोबर नेली होती. त्यांनी निबंध वाचला.

"मुलगी बरी लिहिते," ते म्हणाले. "पण बंडी म्हणजे गाडी? मी इथे येऊन इतके महिने झाले, मला हे कोणी सांगितलं नाही."

"साहेब, इथे सगळे तसंच म्हणतात."

"म्हणत असतील. पण बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, विचार करा. तुमच्याकडे बंडी म्हणजे गाडी, आणखी कुठे दुसरंच काही. गावागणिक उत्तर बदललं तर ती परीक्षा कसली? सगळ्यांना एकच माप, म्हणून तर हे सगळं केलं."

हेच मी वर्षभर गावात सांगत फिरले होते. जवळजवळ याच शब्दांत.

मग त्यांनी दप्तरातून आमच्या केंद्राचे कागद मागवले आणि शंकापत्रक वर काढलं. "एखाद्या केंद्रावर जरी कोणी विचारलं असतं, तरी त्याच दिवशी वर कळलं असतं. मग या भागापुरतं दोन्ही ग्राह्य धरा असं सांगता आलं असतं. त्याचसाठी हा कागद असतो. पण हे बघा." त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "निरंक. अक्षर छान आहे."

"अक्षर माझं आहे," मी म्हटलं. "आणि शंका विचारली होती. याच मुलीने. मी तिला उत्तर दिलं."

त्यांनी चष्मा काढला. बाहेर कोणीतरी टंकयंत्रावर काही बडवत होतं, ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"काय उत्तर दिलंत?"

"बैलाची म्हटलं."

"खोलीत मोठ्याने?"

"हो."

"म्हणजे पर्यवेक्षकाने सगळ्या खोलीला निबंध समजावून दिला." त्यांचा आवाज चढला नाही. "बाई, हे मी ऐकलं असं धरलं, तर मला केंद्राची परीक्षा रद्द करावी लागेल. चाळीस मुली. पुन्हा परीक्षा पुढल्या वर्षी. त्यांच्यातल्या किती जणी पुढल्या वर्षी शाळेत असतील?"

मी मनात मोजलं. खरंच मोजलं, बोटांवर. निम्म्याही नाहीत.

"तेव्हा मी ऐकलं नाही," साहेब म्हणाले. "आणि तुम्हीही बोलला नाहीत. शब्दाबद्दल मी वर लिहितो. पुढच्या वर्षी असं होणार नाही."

त्यांनी लिहिलं असेल. पुढच्या वर्षीचा विषय, ऐकते, 'माझी शाळा' होता.

पंधरा दिवसांनी साऱ्या केंद्रांचा निकाल चक्रमुद्रित होऊन आला. त्यात मुलांची नावं नसतात, केंद्रांची असतात. किती बसले, किती पास, विषयवार शेकडा किती. आमच्या केंद्रापुढे शेरा होता, 'गणित समाधानकारक. मराठी निबंधलेखन असमाधानकारक. या भागातील विद्यार्थ्यांस विषयाचे आकलन होत नाही. शिक्षकांनी लक्ष पुरवावे.' तो शेरा शाळेच्या शेरेबुकात उतरून घ्यायचा नियम होता. उतरून मीच घेतला. खाली थोडी जागा होती, तिथे मी बारीक अक्षरात लिहिलं की या भागात बंडी म्हणजे बैलगाडी. मोठ्या बाईंनी ते पाहिलं, पान फाडलं आणि दुसरं माझ्यापुढे ठेवलं. "पुन्हा लिहा. नुसता शेरा." मी लिहिला. केंद्रातर्फे त्यांनी वर्ध्याच्या त्या दोन जागांसाठी तालुक्याला जी यादी पाठवली त्यात आमच्या शाळेची एकही मुलगी नव्हती.

शाळा उघडली तेव्हा वडील दाखला मागायला आले. या वेळी सतरा नंबर बरोबर होती. ते पुन्हा उंबऱ्याशी उभे राहिले, ती मात्र आत आली आणि माझ्या टेबलाजवळ थांबली. मी सगळं सांगायचं ठरवून ठेवलं होतं, वाक्यं जुळवून ठेवली होती. पहिल्या वाक्यालाच वडील म्हणाले, "तिनं घरी सांगतलं, बाई. बंडी कोणती, इचारलं होतं म्हणे तिनं."

"ती बरोबर होती," मी म्हटलं. "माझी चूक झाली."

"मंग आता कागद बदलते का?"

"नाही."

"तुमी साहेबापाशी गेलत्या म्हणे."

"गेले होते. नाही बदलत."

त्यांनी मान हलवली. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, आणि तो असता तर मला सोपं गेलं असतं. मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिने विचारलं, "बाई, मी अंगातली लेहली असती तं साठ झाले असते?"

"जास्त झाले असते."

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "आमच्या घरी बैलाची नाईच ना. मंग माझी कशी म्हणन?" ती हे मला दोष द्यायला बोलत नव्हती. गणिताची रीत कुठे चुकली ते शोधावं तशी बोलत होती. "तुमी बैलाची म्हणल्या, म्हणून मी ते लेहली."

मी म्हटलं, रोज दुपारी माझ्या घरी ये, पाचवीचं मी शिकवते. वडील म्हणाले, "येईन ना, येईन." ती चार दिवस आली. पाचव्या दिवसापासून निंदण सुरू झालं आणि आईबरोबर तिला जावं लागलं. दिवाळीच्या सुमारास तुमच्या आजोबांची बदली भंडाऱ्याला झाली. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तुम्ही विचाराल, पत्र का नाही लिहिलं. दोनदा लिहिलं, शाळेच्या पत्त्यावर, मोठ्या बाईंच्या नावे. एकदा उत्तर आलं, त्यात नव्या इमारतीबद्दल होतं.

दाखल्याचं सांगायचं राहिलं. तो मी त्याच दिवशी, ते दोघं समोर असतानाच भरला. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. जात, बौद्ध. वर्तणूक, चांगली. प्रगती, चांगली. मग एक रकाना होता, शाळा सोडण्याचं कारण. मी टाक थांबवला आणि वडिलांना विचारलं, कारण काय लिहू?

"तुमीच लिहा, बाई. आमाले काय समजते त्यातलं."

छापील सूचनेत तीन कारणं दिलेली होती, त्यांपैकीच एक लिहायचं. दुसऱ्या गावी स्थलांतर. सतत गैरहजेरी. शिक्षण पूर्ण. ते स्थलांतर करत नव्हते. मुलगी एक दिवस गैरहजर नव्हती. चौथ्या कारणाला जागा नव्हती, आणि मी मोठ्या बाईंकडे पाहिलं तेव्हा त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

मी लिहिलं, शिक्षण पूर्ण. टिपकागदाने शाई टिपली. वडिलांनी दाखल्याची घडी घातली आणि ती मुलीच्या हातात दिली.